शब्द पोर्तुगीज, म्हणून जात पोर्तुगीज?

जातीचा विषय निघाला की हल्ली एक व्युत्पत्ती हटकून पुढे येते. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली तेव्हा ती आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात तशाच विधेयकावर खडाजंगी झाली तेव्हा आली. पुढच्या जनगणनेत जात मोजायचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा पुन्हा आली. ती अशी: 'कास्ट' हा इंग्रजी शब्द पोर्तुगीज 'कास्टा'वरून आला, आपल्या कुठल्याही ग्रंथात तो सापडत नाही, आपल्याकडे होते ते वर्ण आणि कुळं, तेव्हा 'कास्ट सिस्टिम' ही गोऱ्यांनी आपल्या माथी मारलेली गोष्ट. विषय संपला. समोरून येणारं उत्तरही त्याच माळेतलं असतं. 'कास्टा' हा शब्द लॅटिन 'कास्टुस'वरून आला, त्याचा अर्थ शुद्ध, निष्कलंक. म्हणजे शब्दातच सोवळं-ओवळं बसलेलं आहे, आणखी काय पुरावा हवा? दोन्ही बाजू शब्दकोशाची पानं एकमेकांच्या तोंडावर फेकतात आणि आपण इतिहास सांगितला असं समजून झोपी जातात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शब्दाचं जन्मस्थान हा वस्तूच्या वयाचा दाखला नसतो. 'कास्ट' हा शब्द परका आहे हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्यावरून जातीच्या वयाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पण या शब्दाचा प्रवास नीट वाचला तर तो दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरावा असा आहे, आणि म्हणूनच तो कोणी नीट वाचत नाही.

आधी साधी गोष्ट. पोर्तुगीजांकडून मराठीत पुष्कळ शब्द आले. बटाटा आला, काजू आला, अननस आला. तिथे शब्द आणि वस्तू एकाच जहाजातून उतरले, कारण ही पिकं मूळची दक्षिण अमेरिकेची आणि सोळाव्या शतकाआधी आपल्या शेतांत ती नव्हतीच. पण पगार, चावी आणि घमेलं हे शब्दही पोर्तुगीजच आहेत. मग १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचेपर्यंत या देशात कोणी कामाचा मोबदला घेत नव्हतं? दारांना कुलपं नव्हती? माती काय ओंजळीने वाहत होते? शब्दाची व्युत्पत्ती बटाटा आणि चावी यांच्यातला फरक सांगूच शकत नाही. तो हवा असेल तर कोश मिटून शेताकडे आणि दाराच्या कडीकडे बघावं लागतं. म्हणजे खरा प्रश्न एवढाच उरतो: जात आपल्याकडे बटाट्यासारखी आली, की नुसतं चावीसारखं तिचं नाव बदललं? याचं उत्तर 'कास्टा' या शब्दात नाही. ते १४९८ च्या आधीच्या पुराव्यात आहे.

आणि हाच न्याय सगळीकडे लावायचा ठरवला तर गाडी कुठे जाऊन थांबेल याचा विचार या मंडळींनी केलेला दिसत नाही. 'हिंदू' हा शब्द वेदात नाही, उपनिषदांत नाही, स्मृतींत नाही. सिंधू नदीच्या नावाचा तो इराणी उच्चार. त्यावरून 'हिंदू धर्म ही इराण्यांची निर्मिती' असं कोणी म्हणालं तर त्याला आपण हसू, आणि हसणं बरोबरच असेल. वंशसंहारासाठी इंग्रजीत आज जो शब्द आहे तो राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञाने १९४४ मध्ये घडवला. १९१५ सालच्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलींना तो शब्द उपलब्ध नव्हता, म्हणून त्या कत्तली झाल्या नाहीत का? उलट लेमकिनला तो शब्द घडवावासा वाटला त्याचं एक कारणच त्या कत्तली होत्या.

आता पुरावा. इसवी सन ४०० च्या सुमारास चिनी भिक्षू फाहियान उत्तर भारतातून फिरला. तो लिहितो की चांडाळ वस्तीबाहेर वेगळे राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटून आवाज करतात, म्हणजे लोक बाजूला होतात आणि त्यांचा स्पर्श टळतो. १०३० च्या आसपास अल्-बिरूनी चार वर्ण सांगतो आणि त्यांच्याखाली अंत्यजांचे आठ व्यवसायगट मोजतो. परीट, चांभार आणि विणकर वगळले तर त्यांच्यात आपसांत लग्नं होतात, त्या तिघांशी मात्र बाकीचे सोयरीक करत नाहीत, आणि हे सगळे चार वर्णांच्या गावांजवळ पण गावांबाहेर राहतात, असं तो नोंदवतो. हिंदू लोक या विभागणीला वर्ण म्हणतात आणि जन्माच्या अंगाने बोलायचं तर 'जातक' म्हणतात, हेही त्याने टिपलं आहे. 'कास्टा' हा शब्द या भूमीवर पोचायला तेव्हा साडेचारशेहून जास्त वर्षं बाकी होती.

आणि परक्यांची साक्ष नको असेल तर घरचीच घ्या. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ मध्ये गेले. 'हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा' हा अभंग त्यांचा. 'याती' म्हणजे जाती. ज्या माणसाने हे लिहिलं त्याने पोर्तुगीज पाहिला नव्हता, इंग्रज पाहिला नव्हता, जनगणना अधिकारी तर नाहीच नाही. त्याला कोणी सांगितलं होतं की त्याची याती हीन आहे? त्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर का आहे? आणि त्या देवळाचं दार त्याच्या जातभाईंना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला का बसावं लागलं? 'कास्टा'ची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत आणि मग खुशाल लिस्बनला जावं.

जनुकशास्त्राचाही आधार हल्ली दिला जातो. हैदराबादची सीसीएमबी ही जनुकसंशोधन संस्था आणि हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधक यांनी २०१३ मध्ये मांडलं की भारतीय उपखंडातल्या दोन मोठ्या प्राचीन लोकसमूहांचं मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी सरसकट चालू होतं, आणि त्यानंतर ते आटत गेलं. म्हणजे गटाबाहेर लग्न न करण्याची रीत फार जुनी. मात्र हा पुरावा जरा हात राखून वापरावा. कोणी कोणाशी लग्न करत नव्हतं एवढंच जनुकं सांगतात. कोणी कोणाच्या विहिरीवर पाणी भरू शकत नव्हतं, हे ती सांगत नाहीत. त्यासाठी चोखोबाच लागतात.

मग 'कास्टा' या शब्दाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो फार रंजक आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये हा शब्द भारताच्या कितीतरी आधीपासून होता. घोड्याची, कुत्र्याची, बैलाची पैदास, वाण, माणसाचं कूळ, वंश, हा त्याचा अर्थ. आजही पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणाला 'कास्टा'च म्हणतात. आता मराठीकडे या. नाशिकचा बागायतदार द्राक्षाची जात कोणती ते विचारतो, ज्वारीची जात असते, घोडा जातिवंत असतो, जातीच्या सुंदराला काहीही शोभतं. वाण, पैदास आणि माणसांचा जन्मसिद्ध गट या तिन्हींना एकच शब्द वापरण्याची मराठीची खोड आणि पोर्तुगीजची खोड तंतोतंत जुळते. पोर्तुगीज खलाशी मलबारच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी इथल्या 'जाती'ला 'कास्टा' म्हटलं, तेव्हा त्यांनी चुकीचं भाषांतर केलं असं म्हणणाऱ्यांनी निदान हे साम्य समजावून सांगायला हवं. माझ्या मते परभाषेतला इतका नेमका प्रतिशब्द क्वचितच सापडतो.

तो इतका नेमका कसा सापडला, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर युरोपला लाजवणारं आहे. पोर्तुगीजांचे डोळे या गोष्टीला आधीच सरावलेले होते. स्पेनमधल्या तोलेदो शहराने १४४९ साली ठराव करून ज्यू पूर्वजांच्या ख्रिश्चनांना सार्वजनिक अधिकारपदांवरून दूर केलं. माणूस बाप्तिस्मा घेऊन ख्रिश्चन झाला तरी रक्त बदलत नाही, असा त्यामागचा सिद्धान्त. पुढे 'रक्ताची शुद्धता' हा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात एक अख्खा कारभारच झाला. पदावर नेमणूक हवी, धर्मसंघात प्रवेश हवा, तर आजा-पणजांचे दाखले आणा. पोर्तुगालने १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिश्चन केलं, त्यांना 'नवे ख्रिश्चन' हे नाव चिकटवलं, आणि नवे-जुने हा कायदेशीर भेद तिथे १७७३ पर्यंत टिकला. बाटलेला माणूस पिढ्यानपिढ्या बाटगाच राहतो, हे आपल्याला नवं आहे का?

या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण माणूस म्हणजे गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालचा वैद्य, गोव्यात तीसेक वर्षं राहिला, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही आणि चांभारांच्या एका 'कास्टा'तले सगळे चांभारच, असं त्याने त्यात लिहून ठेवलं आहे. भारतीय जातीसाठी 'कास्टा' शब्दाचा हा अगदी सुरुवातीच्या छापील वापरांपैकी एक. आणि हे लिहिणारा ओर्ता स्वतः कोण होता? नवा ख्रिश्चन, ज्यू आईबापांचा मुलगा. १५६८ मध्ये तो गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी. पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे. तिथल्या बाकावर बसून ज्याला 'कास्टा' हा शब्द आपल्याकडे कोणी आणला यावर भाषण द्यायचं असेल त्याने द्यावं, पण ज्याने तो शब्द आपल्याबद्दल लिहिला त्याला स्वतःच्या लोकांनी त्याच शब्दाच्या भावनेने कबरीबाहेर काढलं, हेही सांगावं.

गोव्यातल्या चर्चचा अनुभवही इथे आठवायला हवा. १५६७ मध्ये भरलेल्या गोव्याच्या धर्मपरिषदेने ठरावात नोंदवलं की इथले लोक कमी-अधिक प्रतिष्ठेच्या 'कास्टां'मध्ये विभागलेले आहेत आणि वरच्या कास्टातला खालच्याबरोबर खात-पीत नाही. तक्रारीच्या सुरात लिहिलेली ही नोंद आहे. या मिशनऱ्यांना जात निर्माण करण्यात रस असता तर त्यांनी ती अडथळा म्हणून कशाला लिहिली असती? नंतर घडलं ते आणखी बोलकं. धर्म बदलला, नाव बदललं, आडनाव बदललं, आणि गोव्याच्या ख्रिश्चनांत बामण, चारडो, सुदिर हे जातगट शिल्लक राहिले. चर्चने ते मोडले नाहीत, पुष्कळ ठिकाणी सोयीने वापरले. जे राज्यकर्ते देऊळ पाडू शकत होते, भाषा दडपू शकत होते, त्यांच्याकडून जात मोडली गेली नाही. अशा वस्तूला परक्यांनी काल-परवा आणून लावलेलं रोप म्हणायचं?

इंग्रजीत हा शब्द थोडा उशिरा रुळला. १६१३ च्या सुमारास गुजरातेत आलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने तिथल्या बनियांत तीसहून अधिक 'कास्ट' आहेत आणि त्या एकमेकांबरोबर जेवत नाहीत असं लिहिलं. सुरुवातीला त्याचं स्पेलिंग 'फेकणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखंच होतं. शेवटचं 'ई' फ्रेंच वळणाने नंतर जोडलं गेलं. १८५९ पर्यंत तो इतका घरचा झाला होता की डार्विनने मुंग्यांच्या कामकरी प्रकारांना तोच शब्द वापरला, आणि कीटकशास्त्रात तो आजही आहे. जन्मावरून काम ठरलेला गट म्हटल्यावर इंग्रज शास्त्रज्ञाच्या डोळ्यांपुढे वारूळ आणि हिंदुस्थान एकाच शब्दाने उभे राहावेत, यावर वेगळं भाष्य नको.

इथवर मी एका बाजूला बरंच ठोकलं. आता तिच्या खऱ्या ताकदीचे मुद्दे, कारण ते आहेत, आणि व्युत्पत्तीच्या गदारोळात ते वाया जातात. पहिला मुद्दा घोटाळ्याचा. 'कास्टा' हा शब्द 'जाती'ला बसत होता, 'वर्णा'ला नव्हे. इंग्रजीने तो दोन्हींना लावला. मग चार 'कास्ट' आणि हजारो 'कास्ट' एकाच शिडीवर बसवायची कसरत सुरू झाली, आणि प्रत्यक्षात कुठल्याच गावात नसलेलं एक नीटनेटकं चित्र पाठ्यपुस्तकांत गेलं. इरावती कर्व्यांनी दाखवून दिलं की महाराष्ट्रात 'कुंभार' या एका नावाखाली एकमेकांशी सोयरीक नसलेले, वेगवेगळ्या मूळचे गट आहेत. धंद्यावरून आपण त्यांना एक जात म्हणतो एवढंच. म्हणजे एका शब्दाने जे एक दिसतं ते एक नाही, हे मान्य.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. ब्रिटिशांनी जात नुसती पाहिली नाही, ती कागदावर गोठवली. १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्लेने जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावायचा घाट घातला, आणि देशभर जातसभा उभ्या राहून आपल्याला वरच्या पायरीवर घ्या असे अर्ज करू लागल्या. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. तो कलंक कायद्यातून निघायला १९५२ उजाडलं आणि समाजातून अजून निघालेला नाही. महारांची कंपनीच्या काळापासूनची लष्करभरती 'लढाऊ वंशां'च्या सिद्धान्तापायी १८९० च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. आणि आज मराठवाड्यात निजामकालीन कागदांत 'कुणबी' अशी नोंद सापडते की नाही यावर एखाद्या घराचं भवितव्य ठरतं. ज्या सीमारेषा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गावोगाव लवचीक होत्या, त्या कारकुनाच्या टाकाने पक्क्या केल्या. अमेरिकन इतिहासकार निकोलस डर्क्स यांचा बहुचर्चित सिद्धान्त याच्याच आसपासचा आहे: ब्रिटिश राजवटीत जात हीच भारतीय समाज समजून घेण्याची एकमेव किल्ली होऊन बसली. यातला बराच भाग मला पटतो.

पण डर्क्स जे म्हणतात आणि त्यांचं नाव घेऊन जे सांगितलं जातं, त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वसाहतीने जात शून्यातून निर्माण केली, असं ते म्हणत नाहीत. गोठवायला आधी पाणी लागतं. रिस्लेपुढे अर्ज घेऊन आलेल्या सभांना आपण वरचे आहोत हे आधीच ठाऊक होतं, भांडण होतं ते सरकारी शिक्क्याचं. आणि राज्यसत्तेने जातीच्या बाबतीत शिक्का मारायचा, ही काही इंग्रजांची कल्पना नव्हे. मराठी कागदपत्रं चाळणाऱ्याला 'ग्रामण्य', म्हणजे जातींच्या हक्कांवरून होणारा तंटा, हा शब्द शिकवावा लागत नाही. कोणत्या जातीला वेदोक्त, कोणाला पुराणोक्त, कोणी कसं धोतर नेसायचं, यावर पेशवाईत वर्षानुवर्षं तंटे चालले आणि सरकारात निवाडे झाले.

एक प्रसंग तर या वादासाठीच घडल्यासारखा आहे. मुंबईतले सोनार एकमेकांना 'नमस्कार' म्हणू लागले. हा शब्द आपला, असं ब्राह्मणांचं म्हणणं. तक्रार पुण्याच्या दरबाराकडून आली, आणि १७७९ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारने हुकूम काढून सोनारांना 'नमस्कार' म्हणायला बंदी केली. यात जात कोणी निर्माण केली? हुकूम इंग्रजांचा आहे, हे खरं. त्या हुकमातली जात मात्र पुण्याहून आली होती. इंग्रज इथे जातीचा जनक म्हणून उभा नाही, पण निर्दोष प्रेक्षकही नाही. तो भाड्याने मिळणारा शिपाई आहे, आणि काम काय करायचं ते त्याला मराठीत सांगितलं गेलं. वसाहतवादावर जबाबदारी ढकलणाऱ्यांना आणि ती पूर्णपणे पुसणाऱ्यांना, दोघांनाही हा प्रसंग गैरसोयीचा, म्हणून तो कोणाच्याच भाषणात येत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथेही आळस कमी नाही. 'कास्टा' म्हणजे 'शुद्ध' ही व्युत्पत्ती जुनी आहे, पण निर्विवाद नाही. कातालान भाषाशास्त्रज्ञ जोआन कोरोमिनास यांच्या मते हा शब्द लॅटिनमधून न येता गॉथिक भाषेतल्या, प्राण्यांच्या पिलावळीचा किंवा कळपाचा अर्थ असलेल्या शब्दातून आला असावा. उद्या कोरोमिनास बरोबर ठरले तर काय अस्पृश्यता खोटी ठरणार? जी गोष्ट चवदार तळ्याने सिद्ध केली ती लॅटिनच्या कोशावर टांगून ठेवण्यात कसला शहाणपणा? तसाच दुसरा प्रकार: 'कास्टा'चा एक अर्थ वंश होता, म्हणून जात म्हणजे वंशभेदच. २००१ मध्ये डर्बनच्या वंशद्वेषविरोधी जागतिक परिषदेच्या वेळी हा वाद फार पेटला होता. जातीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर जाण्याला भारत सरकारने विरोध केला तो मला तेव्हाही पटला नव्हता. पण जात आणि वंश एकच, हे आंबेडकरांनीच आधी खोडून काढलेलं आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत, असं १९३६ च्या लाहोरच्या न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट लिहिलं. दोन अन्यायांची तुलना करायला त्यांचं मूळ एक असावं लागत नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्यासाठी त्यांनी शूद्र आणि आफ्रिकन गुलाम यांचं रक्त एक असल्याचा दाखला मागितला नाही.

'कास्ट' या इंग्रजी शब्दाबद्दलची सर्वांत सखोल चर्चा सुरुवातीला कोणी केली, हे मराठी माणसांनी तरी विसरू नये. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. भारतातल्या जातिसंस्थेचा त्यांचा इंग्रजी इतिहास १९०९ मध्ये आला. त्यांनी जातीची दोन लक्षणं सांगितली: गटाचे सदस्य त्या गटात जन्मलेलेच असतात, आणि गटाबाहेर लग्न करायला कडक मनाई असते. सात वर्षांनी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपियनांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून बाजूला ठेवल्या आणि केतकरांची जवळ केली. पण तीही सुधारूनच. तुमची दोन लक्षणं ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, ते म्हणाले. गटाबाहेर लग्नच होत नसेल तर बाहेरचा माणूस गटात जन्मणार कुठून? म्हणून जातीचं सार एकच, गटांतर्गत विवाह. एक चित्पावन ब्राह्मण आणि एक महार, दोघेही मराठी, दोघेही अमेरिकेत, पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेलेला एक शब्द घेऊन त्याला आपल्या अनुभवाचा नेमका अर्थ देत होते. शब्द कुठून आला यावर दोघांचं काहीच अवलंबून नव्हतं. परकी नजर चुकते कुठे, हे त्यांना आजच्या व्युत्पत्तिबहाद्दरांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते शब्द टाकून न देता त्याची व्याख्या दुरुस्त करत बसले.

आता पुन्हा अमेरिकेत. सिअ‍ॅटलचा ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. कॅलिफोर्नियाचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला ते सही न करता परत पाठवलं. जातीवरून भेदभाव करायला आधीच्या कायद्यातल्या कलमांनीच बंदी आहे, वेगळा कायदा नको, असं त्यांचं कारण. विरोधकांच्या मुद्द्यांपैकी एक मला खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. शाळेत वर्गासमोर 'तुझी कास्ट कोणती?' असं विचारलं जाणाऱ्या तिथल्या आपल्या मुलांवर, केवळ त्यांच्या आडनावामुळे, आरोपीकडे पाहावं तशी नजर पडेल का? कायदा सर्वांसाठी आहे की एकाच समाजावर रोखलेला आहे? हे प्रश्न मनापासूनचे असतील तर त्यांना कायद्याच्या भाषेत उत्तर मिळायला हवं. विधेयकाच्या अंतिम मसुद्यात जातीला स्वतंत्र धर्माधारित गोष्ट न मानता 'पूर्वजपरंपरे'चा एक भाग मानलं होतं, ते बहुधा याच शंकेपोटी. गंमत म्हणजे वंश, कूळ, पूर्वज हाच त्या पोर्तुगीज शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ. त्या मसुद्यावर बोलता आलं असतं. जाच सिद्ध कसा करायचा, खोट्या तक्रारीचं काय, पुरावा कोणता धरायचा, हे सगळं विचारता आलं असतं. त्याऐवजी कित्येकांनी वेळ घालवला तो शब्द आमचा नाही हे सांगण्यात.

ठीक आहे, शब्द बदलू. विधेयकातलं 'कास्ट' खोडून त्या जागी रोमन लिपीत 'जाती' लिहू, संस्कृत 'जन्' धातूच्या व्युत्पत्तीसकट, पाणिनीची साक्ष काढून. बाकीची कलमं जशीच्या तशी. मग पाठिंबा देणार?